डोळ्यांपुढे काजवे

डोळ्यांपुढे काजवे चमकण्याचे प्रसंग पूर्वी मराठी माणसाच्या आयुष्यात मोजकेच असत. मास्तरांची पाच बोटे गालावर उमटली की ते चमकत, जुन्या वाड्याच्या बुटक्या चौकटीवर कपाळ आपटले की चमकत, आणि मंगल कार्यालयाचे बिल हाती आले की वधूपित्याच्या डोळ्यांपुढे तर भर दुपारी चमकत. आमच्या बँकेच्या धंद्यात संध्याकाळी कॅश जुळली नाही की अजूनही चमकतात. पण हे सगळे काजवे माणसाला बसल्या जागी मिळत. त्यासाठी मोटार काढून दीडशे किलोमीटर जावे लागत नसे.

हल्ली जावे लागते. कारण काजव्यांचा आता महोत्सव असतो.

महोत्सव ह्या शब्दाची मला मनापासून भीती वाटते. ज्याचा महोत्सव भरवतात ते मागे शिल्लक राहत नाही, असा माझा अनुभव आहे. आंबा महोत्सवानंतर आंबा उरत नाही, मिसळ महोत्सवानंतर मिसळ उरत नाही. आंब्या-मिसळीचे ठीक आहे; त्यांचा जन्मच त्यासाठी असतो. काजव्याचा नसतो. पण हे शहाणपण मला नंतर सुचले. शहाणपण आणि पोलीस नंतर येतात, तसे.

झाले असे की २०२४च्या मे महिन्यात एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत काजव्यांवर पानभर मजकूर आला. 'निसर्गाची मुक्त उधळण', 'आकाशातले तारे धरतीवर', 'अनोखी पर्वणी' असे सगळे ठेवणीतले दागिने त्या मजकुराच्या अंगावर घातलेले होते. शेवटी लिहिले होते, 'अजूनही फारशा पर्यटकांना ठाऊक नसलेले हे ठिकाण एकदा तरी पाहायलाच हवे.' फारशा कुणाला ठाऊक नसलेले हे गुपित त्या सकाळी लाखो घरांत चहाबरोबर पोचले. आमच्याही घरात पोचले. हिने ते मोठ्याने वाचले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाली, "अहो, आपण मेलं कधी कुठे जातो का?"

लग्नाला वीस वर्षे झालेल्या माणसाला हा प्रश्न नसून हुकूम आहे हे कळते. त्यात चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला. त्यात एका झाडावर काजव्यांचा असा काही लखलखाट होता की दिवाळीत विजेच्या दुकानदाराने लाजावे. शेजारच्या नानांनी नवी मोटार घेतलेली होती आणि ती कुठे नेऊन दाखवावी ह्या विवंचनेत ते होतेच. बँकेला दुसऱ्या शनिवारी सुट्टी. ८ जूनचा मुहूर्त ठरला.

कसारा घाट चढून इगतपुरी, तिथून घोटी, घोटीहून कळसूबाईच्या पायथ्याला बारी, आणि पुढे भंडारदरा. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. १९८६ साली हे अभयारण्य झाले. अभयारण्यात जनावरांना अभय असते इतपत मला शाळेत शिकवले होते. मोटारींनाही असते हे तिथे गेल्यावर कळले. शेंडी गाव ओलांडले आणि आमची मोटार जी थांबली, ती थांबलीच. पुढे मोटारी, मागे मोटारी. धरणाच्या पाण्याभोवतालच्या त्या अरुंद रस्त्यावर दिव्यांची माळ लागलेली. "ते बघा, आले काजवे! लाल आहेत!" असे नाना ओरडले. ते पुढच्या गाड्यांचे ब्रेकचे दिवे होते.

रात्री साडेदहाला आम्ही एका झाडापाशी पोचलो. झाड कसले होते ते कळले नाही, कारण त्याच्याभोवती माणसांचे कुंपण होते. वनखात्याचा फलक होता: दिवे बंद ठेवा, गोंगाट करू नका, झाडाजवळ जाऊ नका. हा फलक वाचता यावा म्हणून लोकांनी त्याच्यावर मोटारीचे दिवे सोडले होते. एका गाडीत गाणी लागली होती. एक बाई फांदी गदागदा हलवत होत्या, का, तर काजवे उडाले पाहिजेत आणि तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी ते टिपले पाहिजेत. एका बाळाच्या हातात पाण्याची बाटली होती आणि त्या बाटलीत चार काजवे होते. आणि एक गृहस्थ तर हातात टॉर्च घेऊन पानापानावर प्रकाश टाकत काजवे शोधत होते! थंडी कुठे आहे ते पाहायला शेगडी घेऊन हिंडण्यातला हा प्रकार. "दिसत नाहीत हो," ते मला म्हणाले, "आम्हाला फसवलं."

फसवले होते, पण काजव्यांनी नव्हे. चिरंजीवांच्या मोबाइलवरचा तो लखलखाट कसा होतो ते मला पुढे एका छायाचित्रकाराने समजावून सांगितले. कॅमेरा तिकाटण्यावर रोवून ठेवायचा, एकामागून एक अशी कितीतरी छायाचित्रे घ्यायची, आणि सगळी एकावर एक रचून त्यांचे एक चित्र करायचे. म्हणजे तासाभरात जिथे जिथे म्हणून काजवा लुकलुकला, तो प्रत्येक ठिपका एकाच क्षणी पेटलेला दिसतो. आमच्याकडे तीनशे चौसष्ट दिवस रिकामी असलेली तिजोरी ३१ मार्चला भरलेली दाखवतात, त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात आणि ऑडिटर त्यावर लाल शाईने शेरा मारतो. पुरवणीच्या संपादकाला ऑडिटर नसतो. एवढाच त्याच्या आणि माझ्या नोकरीत फरक.

आमचा मुक्काम एका वाडीत, एका महादेव कोळी शेतकऱ्याच्या घरी होता. त्यांना सगळी वाडी मामा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणालो. वाडीचे नाव मी सांगणार नाही. कारण पुढे येईल. पिठलं-भाकरी झाली. नाना रुसून झोपले. रात्री दोनच्या सुमाराला मामांनी मला हलवले. "चला साहेब. गाड्या गेल्या आता. आवाज न करता चला." हीसुद्धा उठली.

घरामागच्या ओहोळापलीकडे एक जांभूळ होते. सुरुवातीला काहीच दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले आणि एक फांदी लुकलुकली. मग दुसरी. मग कुणी बटण दाबावे तसे सगळे झाड एकदम उजळले आणि एकदम विझले. पुन्हा उजळले, पुन्हा विझले. आवाज काही नाही. आमची ही, जी सिनेमागृहात सुद्धा गप्प राहत नाही, ती पाऊण तास एक अक्षर बोलली नाही. मी आयुष्यात पुष्कळ रोषणाया पाहिल्या आहेत. ह्या एका रोषणाईला ऊब नव्हती, धूर नव्हता, आणि तिचे बिल कुणी कुणाच्या नावावर फाडणार नव्हते.

परत येताना मामा म्हणाले, "पूर्वी काजवं दिसलं की आमी म्हणायचो, पाऊस जवळ आला, पेरणीचं बघा. आता काजवं दिसलं की म्हणतो, शनवार जवळ आला, भाकरीचं बघा."

घरी आल्यावर मी ग्रंथालयात जाऊन काजव्यांची माहिती काढली. बी.कॉम. झाल्यावर प्राणिशास्त्राचे पुस्तक हाती धरण्याची ही पहिलीच वेळ. वाचले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले, ते मास्तरांच्या थपडेचे.

काजव्याचे आयुष्य बहुतेक सगळे अळी म्हणूनच जाते. ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगाई खात महिन्यांमागून महिने ती काढते. पंख आणि दिवा घेऊन तो वर येतो तेव्हा त्याच्यापाशी दोन-तीन आठवडे उरलेले असतात. तेवढ्यात त्याला लग्न उरकायचे असते. दिवा त्याचसाठी. नर लुकलुकत फिरतो. मादी कुठे फांदीवर, कुठे खाली गवतात बसलेली असते. ती ठरावीक वेळाने, ठरावीक तऱ्हेने उलट खूण करते. झाले, पसंती. पत्रिका नाही, हुंडा नाही, सारा व्यवहार उजेडातला. आता त्या गवतावर मोटारीचे दिवे सोडले की काय होईल? त्याचा निरोप तिला दिसत नाही आणि तिचा त्याला. आम्ही काजव्यांच्या वधूवर मेळाव्यात बँड लावून शिरलो होतो. आणि मोटार उभी केली होती कुठे? रस्त्याकडेच्या मऊ ओल्या गवतावर. ज्या मातीत अळ्या असतात, त्याच मातीवर. म्हणजे ज्या रात्री आम्ही "काजवे दिसत नाहीत" म्हणून कुरकुरत होतो, त्या रात्री पुढच्या वर्षीचे काजवे नानांच्या नव्या टायरखाली होते.

आता मूळ मुद्द्याला येतो. माझे भांडण नानांशी नाही. टॉर्चवाल्या गृहस्थांशीही नाही. ते बिचारे माझ्यासारखेच. छापील शब्दावर विश्वास ठेवणारे. माझे भांडण त्या छापील शब्दाशी आहे.

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट स्वप्नातसुद्धा घाबरवते. तिला आम्ही 'रन' म्हणतो. बँक चांगली असते, हिशेब चोख असतात, साहेब सज्जन असतो. पण कुठल्याही बँकेच्या तिजोरीत सगळ्या ठेवीदारांचे सगळे पैसे एकाच दिवशी नसतात. ते कर्जाऊ दिलेले असतात. लोक आज एक, उद्या दुसरा असे येतात म्हणून तर बँक चालते. मग एके दिवशी कुणीतरी काहीतरी बोलते, आणि सगळे गाव एकाच सकाळी पासबुक घेऊन दारात उभे राहते. त्यातला एकही चोर नसतो. प्रत्येकजण आपलेच पैसे मागत असतो. आणि संध्याकाळपर्यंत धडधाकट बँक बुडते.

डोंगराचे नेमके हेच होते. तो काही कुणाचा खासगी नाही, सगळ्यांचाच आहे, ही गोष्ट खरी. पण त्याच्या तिजोरीत एका रात्रीपुरते किती असते? बँकेवर रन आणणाऱ्या माणसाला पोलीस पकडतात. डोंगरावर रन आणणाऱ्या माणसाला पर्यटन-लेखक म्हणतात. आणि बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. काजव्याला पाच पैशांचेही नाही.

वर्तमानपत्राचा पावसाळ्यातला आठवडा मी कात्रणे कापून तपासला आहे. तो असा असतो. शनिवारी पुरवणी: 'न चुकवावेत असे दहा धबधबे.' सोमवारी पहिल्या पानावर: 'हुल्लडबाजांचा उच्छाद, घाटात सहा तास कोंडी.' मंगळवारी अग्रलेख: 'कुठे चालला आहे हा समाज?' बुधवारी वाचकांची पत्रे, सगळी त्या समाजाच्या विरुद्ध आणि सगळी त्या समाजानेच लिहिलेली. गुरुवारी जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी हुकूम. शुक्रवारी विश्रांती, कारण शनिवारची पुरवणी लावायची असते: 'बंदी नसलेले दहा धबधबे.' दूरदर्शनवाले तर ह्याच्याही पुढे. त्यांचा वार्ताहर गुडघाभर पाण्यात उभा राहून पर्यटकांनी पाण्यात उतरू नये असे सांगतो. आणि मोबाइलवाल्या पोरांना तर मंगळवारही नसतो. त्यांचा सातही दिवस शनिवार.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट असती तर मीही नेली असती. पण ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला आणि चार माणसे गेली. दोन्ही दिवस रविवार होते. ह्यांना कुठल्या पुरवणीने ढकलले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण 'पाणी किती वेगाने वाढते' हे रविवारनंतर छापायचे आणि 'पाणी किती सुंदर दिसते' हे शनिवारी छापायचे, ह्या वेळापत्रकाचा जाब विचारायला नको?

ह्यावर पुरवणीवाले म्हणतील, बातमी देणे हे आमचे कामच आहे. मग त्यांना मी एका बातमीदाराची गोष्ट सांगतो. १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले ते २९ मे रोजी. मोहिमेबरोबर लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार जेम्स मॉरिस होता. त्याने डोंगर उतरून बातमी पाठवली ती सांकेतिक भाषेत. वरवर वाचणाऱ्याला वाटावे की बर्फाची स्थिती वाईट आहे. २ जूनला ती छापून आली. हे त्याने एव्हरेस्टच्या भल्यासाठी केले असे नाही. प्रतिस्पर्धी पत्रांनी बातमी पळवू नये म्हणून केले. पण हेतू काही असो, बातमी पोटात ठेवता येते हे तर सिद्ध झाले! पुढे सहासष्ट वर्षांनी, मे २०१९ मध्ये, निर्मल पुर्जा ह्या गिर्यारोहकाने त्याच शिखराखालचे एक छायाचित्र काढले. त्यात माणसांची रांग आहे, आमच्या काउंटरपुढे पेन्शनच्या दिवशी असते तशी. आम्ही निदान टोकन तरी देतो.

एव्हरेस्टचे जाऊ द्या, ते परक्या मुलखातले. आपल्याकडे डोंगरावर लिहिणारे काय थोडे झाले? गो. नी. दांडेकरांनी गडांवर पुस्तके लिहिली. दुर्गाबाई भागवतांनी बारा महिन्यांचे 'ऋतुचक्र' लिहिले. ते वाचून माणसे डोंगरात गेली नाहीत का? गेली. पण पुस्तक वाचून होईपर्यंत आठवडा जाई, मनात मुरेपर्यंत वर्ष जाई, आणि गड चढताना घाम स्वतःचा जाई. एवढ्या चाळणीतून जो खाली येई तो दहातला एक असे, आणि तो फांदी हलवत नसे. रीलमध्ये चाळणीच नाही. पंधरा सेकंदांत ठिकाण दिसते, खाली नकाशावरची खूण असते, आणि अंगठा उचलायच्या आत नाना मोटारीच्या किल्ल्या शोधतात.

हे सगळे मी नानांना ऐकवले. नाना शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही जांभूळ पाहून आलात, आता बाकीच्यांनी पाहू नये, असंच ना? लोकलमध्ये आत शिरलेला मनुष्य दारातल्यांना म्हणतोच की, जागा नाही!"

टोला मर्मावर बसला. दोन दिवस मी गप्प होतो. खरेच, मला डोंगर एकट्यालाच हवा आहे की काय? मग मला मामांचे बोलणे आठवले. निघताना मी त्यांना मोठ्या आवेशाने म्हणालो होतो, "मामा, हे सगळं बंद करायला पाहिजे!" मामा घाईघाईने म्हणाले होते, "बंद नका करू साहेब. पोराच्या कॉलेजची फी ह्याच्यातून निघते. एका शनवारी हजार नकोत, एवढंच. रोज वीस द्या. वाटून द्या."

मामा कधी बँकेत नोकरीला नव्हते. पण रनवरचा उपाय त्यांना आमच्या साहेबापेक्षा चांगला ठाऊक होता. टोकन! साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत तेच करतात. आगाऊ नोंदणी आणि दिवसाला किती माणसे सोडायची त्याची मर्यादा. तिथेही तक्रारी आहेत. रांग जिथे असते तिथे तक्रार असतेच, हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो. पण रांगेत उभा राहिलेला मनुष्य फुलांवर बसून फोटो काढण्याआधी एकदा तरी इकडेतिकडे बघतो.

तेव्हा पुरवणीवाल्यांकडे माझे मागणे फार नाही. 'फारशा लोकांना ठाऊक नसलेले' असे काही सापडले तर ते तसेच ठेवा. काजव्यांवर लिहायचेच असेल तर ऑक्टोबरात लिहा, तेव्हाही तो मातीत असतो आणि गोगलगाई खात असतो. तो मजकूर वाचून कुणी मोटार काढणार नाही. पण ज्याने वाचला तो जूनमध्ये मोटारीचे दिवे घालवील. धबधब्याचे चित्र ज्या पानावर, त्याच पानावर पाण्याचा धोका छापा. आणि एकदा तरी शनिवारी छापा की ह्या शनिवारी घरी बसायलाही हरकत नाही.

हे सगळे मी मे २०२५ मध्ये एका दैनिकाला पत्ररूपाने कळवले. तीन पाने, सुवाच्य अक्षरात. जांभळाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, वाडीचे नाव अर्थातच गाळले होते. बाकी सगळे टायर, टोकन आणि रन. पत्र छापून आले. जागेच्या अभावी थोडे संक्षिप्त केले होते. म्हणजे जांभळाच्या चार ओळी ठेवल्या होत्या. वर मथळा होता, 'काजव्यांच्या जादुई दुनियेत: एका वाचकाचा अविस्मरणीय अनुभव.' आणि खाली एक चौकट होती: 'कसे जाल? कुठे राहाल? काय खाल?'

तो शनिवार होता. सकाळी साडेसातला दार वाजले. दारात नाना होते, एका हातात पुरवणी आणि दुसऱ्या हातात किल्ल्या. म्हणाले, "वा! काय लिहिलंय हो तुम्ही! मग, निघायचं का दुपारी?"